नोईमावशीचा राहिलेला मुकुट

कुवेतला, खैतानमधल्या आमच्या घरात हॉलमधला सोफा रोज संध्याकाळी भिंतीला सरकवला जायचा आणि जेवणाआधी परत जागेवर यायचा. सरकवायचो मी आणि नोईमावशी, परत आणायचे बाबा, आणि कुरकुर करायची आई. फरशीवर ओरखडे पडतात, खालचा हारिस वर बघत बसतो, उद्या घरमालकाकडे जाऊन चहाडी करेल, वगैरे. हारिस म्हणजे आमच्या बिल्डिंगचा राखणदार. त्या बिचाऱ्याला आमच्या सोफ्याशी काही देणंघेणं नव्हतं, पण आईला काळजी करायला कुणीतरी एक माणूस लागायचा. खिडकीतला एसी घरघरत असायचा, खाली गॅसवाला सिलिंडर आपटत हाका मारायचा, मगरिबची अजान एका मशिदीतून संपता संपता दुसरीतून सुरू व्हायची, आणि आमच्या हॉलमध्ये मी गुडघे वाकवून, पाठीची कमान करून, हात पसरून उभी असायची. किन्नरी म्हणून. अर्धी बाई, अर्धा पक्षी. प्रत्यक्षात पाय थरथरत असलेली, नाशिकच्या आईबापांची, वेणीवाली एक मुलगी.

नोईमावशी आमच्या वरच्या मजल्यावर दोन फिलिपिनो मुलींबरोबर राहायची. आई जाब्रियातल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट होती आणि नोईमावशी तिथेच मालिश करायची. दोघी एकाच व्हॅनने जायच्या-यायच्या, त्यातून मैत्री जमली. मावशीचं हिंदी क्लिनिकमधल्या बायकांकडून उचललेलं, त्यामुळे ती आयुष्यातल्या सगळ्या गोष्टी 'दर्द है' आणि 'दर्द नहीं है' या दोनच कप्प्यांत घालायची. माझ्याशी ती इंग्रजी, हिंदी आणि थाई यांची खिचडी बोलायची आणि मला ती सगळी समजायची. लहान चणीची, केस कायम घट्ट बांधलेली, हसली की डोळे मिटून हसणारी. तिच्या हातात मात्र विलक्षण ताकद होती. आईची कंबर धरली की ती आईला पालथी पाडून पाठीवर चक्क चालायची, आणि बाबा पेपराआडून म्हणायचे, "एवढं मला कधी जमलं नाही."

तिचे वडील थायलंडच्या दक्षिणेकडचे नावाजलेले नर्तक. तिकडे नोरा नावाचा नाच आहे. मण्यांचा अंगरखा, मागे पक्ष्याची शेपटी, बोटांवर लांब वळलेली धातूची नखं, आणि डोक्यावर उंच निमुळता मुकुट. हा मुकुट कुणी उठावं आणि घालावा असा नसतो. गुरू मांडव घालतो, वाद्यं वाजतात, पूर्वीच्या सगळ्या गुरूंना बोलावणं जातं, आणि मग तो स्वतःच्या हाताने शिष्याच्या डोक्यावर मुकुट ठेवतो. ते झालं की माणूस पुरा झाला, त्यानंतरच त्याने दुसऱ्याला शिकवायचं. नोईमावशीचा मुकुट राहिला होता. ज्या वर्षी व्हायचा त्याच वर्षी ती घरातून निघून गेली. मंडळीबरोबर गावोगाव हिंडणं, अर्धपोटी राहणं तिला नको झालं होतं. बँकॉकला जाऊन मालिश शिकली आणि तिथून इकडे आली. वडिलांनी त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. घरात असतानासुद्धा ती त्यांना बाबा म्हणत नव्हती, इतर शिष्यांसारखं 'ख्रू' म्हणायची. ख्रू म्हणजे गुरू. आईला हे ऐकून फार वाईट वाटलं होतं. मला नाही वाटलं. आमच्या शाळेत गणिताच्या बाईंची मुलगी तिच्या आईला मिसच म्हणायची.

मी शिकायला लागले ते नकला करता करता. मावशी भांडी घासायला मदत करताना गुणगुणायची आणि तिचं मनगट आपोआप वळायचं, मी मागे उभी राहून तसंच करायची. एक दिवस तिने मागे न बघताच माझं कोपर धरलं आणि बाहेरच्या बाजूला दाबलं. मी किंचाळले. "दर्द है?" तिने विचारलं. है म्हटलं. "गुड," म्हणाली. तिथून सुरुवात. रोज गरम पाण्यात हात बुडवून बोटं मागे वाकवायची, दोन गुडघ्यांत कोपरं दाबून धरायची, जमिनीवर बसून आधी हात जोडून गुरूंचं गाणं म्हणायचं आणि मग एकेक पवित्रा. चुकलं की ती जिभेने 'च्च' करायची आणि येऊन माझ्या पाठीत स्वतःचा गुडघा रोवायची. आई स्वयंपाकघरातून ओरडायची की सांधा सैल होईल, पुढे त्रास होईल, मी दिवसभर हेच बघते. मग दोघी वाद घालत कच्च्या पपईची कोशिंबीर कुटायच्या. आई त्यात दाण्याचं कूट जास्त घालायची, मावशी मिरच्या, आणि बाबा डोळे पुसत पुसत खबूस रोटीबरोबर ती संपवायचे. (सांध्याबद्दल आईचं खरं ठरलं. आज माझं डावं कोपर थंडीत ठणकतं. पण ते असो.)

सुरुवातीलाच मावशीने आईला आणि मला समोर बसवून सांगितलं होतं, की हे शिकवणं नाही, हा खेळ आहे. मुकुट न झालेल्या माणसाने शिकवणं म्हणजे त्यांच्याकडे चोरी. माणसांची नव्हे, पूर्वीच्या गुरूंची. असं करणाऱ्याला आजार जडतो, घरात विघ्नं येतात असं ते मानतात. तिच्या वडिलांनी दोन चांगले शिष्य याच कारणासाठी कायमचे घालवून दिले होते, पुन्हा दारात उभं केलं नव्हतं. तेव्हा ही गोष्ट त्यांच्या कानावर कधीही जाता कामा नये. आईने लगेच मान डोलावली. मीही. माझी लेक परवा हे ऐकून म्हणाली, "बट व्हॉट वॉज द बिग डील? शी वॉज जस्ट टीचिंग अ किड." तिला कसं सांगू? ज्याच्याकडून आपण सगळं घेतलं त्याच्या नजरेत चोर ठरणं म्हणजे काय, हे तिला कळावं अशी माझी इच्छाही नाही.

पुढे एका दुपारी मावशी जिन्यावरून धावत खाली आली ती अनवाणीच. तिच्या भावाचा फोन आला होता. तिच्या वडिलांना राष्ट्रीय कलाकार म्हणून जाहीर केलं होतं. तिकडचा हा फार मोठा मान. राजघराण्यातल्या माणसाच्या हातून मिळतो, आणि तो मिळालेल्या माणसाने आपली विद्या पुढच्यांच्या हाती द्यावी अशी अपेक्षा असते. मावशी हसत होती, मध्येच रडत होती, आणि आई तिला पाणी देत नुसतं "अगं बाई, अगं बाई" करत होती. आईने साजूक तुपातला शिरा केला. मावशीने पहिला घास जमिनीवर बसून, हात जोडून, कुठल्या तरी दिशेला बघत बाजूला ठेवला. थायलंड कुठल्या बाजूला येतं यावरून बाबा आणि मी नकाशा काढून भांडलो.

आनंद काही दिवस टिकला. मग कळलं की कुवेतमधल्या थाई लोकांनी ख्रूंना सत्काराला बोलावलंय आणि ते येणार आहेत. आणि भावामार्फत निरोप होता की नोईला भेटेन. त्या दिवसापासून मावशीचं जेवणावरचं लक्ष उडालं. तिने ठरवलं होतं की या वेळी पाय धरायचे, माफी मागायची आणि मुकुट मागायचा. एवढी वर्षं गेली, पण तिच्या मनातून तो गेलेला नव्हता, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. ते हो म्हणतील का, नाही म्हणतील का, आणि शिकवण्याचं कळलं तर काय, हेच ती आईला व्हॅनमध्ये, जिन्यात, ओट्यापाशी पुन्हा पुन्हा विचारायची. आई तरी काय सांगणार? आमचा सोफा आता भिंतीला सरकेना. मावशीने तिची धातूची नखं फडक्यात गुंडाळून आईच्या साड्यांखाली ठेवली. मला बजावलं की त्यांच्यासमोर हात पसरून बसायचं नाही, बोटं मिटून ठेवायची. वाकवलेली बोटं लपत नाहीत, ती मिटली तरी टोकाला उलटी कललेली दिसतात. मी शाळेतसुद्धा मुठी आवळून बसायला लागले. एकदा तर बाईंनी विचारलं, कुणाला मारायचं ठरवलंयस का गं?

जेवायला आमच्याकडेच बोलवायचं आईनेच ठरवलं. मावशीच्या खोलीत तीन बायका आणि एक पंखा, तिथे एवढ्या मोठ्या माणसाला बसवणार कुठे? तेव्हा कुवेतमध्ये गुरुवारी अर्धा दिवस आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी असायची. गुरुवार ठरला. मावशीला ते बरं वाटलं, कारण त्यांच्याकडेही गुरुवार हाच गुरूचा वार. आईने नारळाच्या दुधातली भाजी, भात, कोथिंबिरीच्या वड्या आणि घावन असा बेत केला आणि दर पाच मिनिटांनी मावशीला विचारत राहिली, हे खातील ना ते? या सगळ्या धांदलीत एक गोष्ट राहिली. बाबांना मी शिकते हे माहीत होतं, ते लपवावं लागतंय हे कुणी सांगितलंच नव्हतं. आईचं म्हणणं, बाबांच्या तोंडात तीळ भिजत नाही, आयत्या वेळी सांगू. आणि आयत्या वेळी बाबा शुऐबाच्या प्लांटमधून डबल ड्यूटी करून थेट जेवायलाच आले, पाहुण्यांच्या पाठोपाठ, जिन्यातच त्यांचा हात हातात घेऊन, "वेलकम, वेलकम" करत.

ख्रू अगदी बारके होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात मोजे. गुडघे दुखत असावेत, बसताना खुर्चीचा हात धरून हळूहळू बसले. आवाज इतका हलका की एसीपुढे ऐकू येईना, म्हणून आईने एसी बंद केला आणि आम्ही सगळे घामाघूम झालो. मावशी जमिनीवर, त्यांच्यापेक्षा खाली, पाय मागे दुमडून बसली होती आणि दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवत होती. ते तिच्याकडे बघत नव्हते. तिने सांगितलेलं ऐकत होते, मान हलवत होते, पण नजर आमच्याकडे. घावन त्यांना आवडलं, दोनदा घेतलं, आणि आईचा जीव जरा भांड्यात पडला. मी पाणी देताना ग्लास दोन्ही मुठींत धरून दिला. बाबा त्यांना खूप प्रश्न विचारत होते. मान मिळाला तेव्हा काय वाटलं? राजवाडा कसा असतो? ख्रू थोडक्यात उत्तरं देत होते. मान झाल्यापासून अंगणात शिकायला येणाऱ्या मुलांना उभं राहायला जागा पुरत नाही, एवढंच ते आपणहून म्हणाले, आणि ते सांगताना त्यांना आनंद झालेला दिसला नाही.

आपल्या माणसांना एक खोड आहे. घरी कुणी मोठं आलं की पोराला पुढे ढकलायचं. श्लोक म्हण, पेटी वाजव, पाढे म्हणून दाखव. बाबा तर या खोडीचे सरदार. मी चार वर्षांची असताना त्यांनी मला एका अरबी साहेबासमोर रामरक्षा म्हणायला लावली होती. तेव्हा जेवणं झाल्यावर, आई आणि मावशी चहा करायला आत गेल्या असताना, बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि उभं केलं. इंग्रजीत, खाणाखुणा करत त्यांनी ख्रूंना सांगितलं की ही पण नाचते, तुमचाच नाच, थाई. आणि मला म्हणाले, "आजोबांना नाचून दाखव बघू. लाजतेस काय?" स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज थांबला. तिथून कुणी बाहेर आलं नाही, येणार तरी काय म्हणून? ख्रू माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच नीट, पायापासून.

मला नाही म्हणता आलं असतं. पोट दुखतंय म्हणता आलं असतं. तेरा वर्षांच्या डोक्याला एवढं सुचलं नाही, सुचलं ते भलतंच. ठरवलं की वाईट नाचायचं. इतकं वाईट, की त्यांना वाटावं हिने कुठेतरी टीव्हीवर बघून उचललंय. हात पसरले ते मुद्दाम ढिले. पाठ सरळ ठेवली. मंडळाच्या गणपतीत आम्ही कोळीनृत्य बसवलं होतं, त्याचा ठेका मध्येच घातला, कंबर हलवली, सिनेमातली एक गिरकी घेतली. बाबा खूश होऊन टाळ्यांचा ताल धरायला लागले. माझ्या कानशिलांवरून घाम वाहत होता आणि आत एकच चालू होतं, की कळू नये, देवा, कळू नये. पण शरीर फार लबाड असतं. दीड वर्ष रोज जे केलं ते असं पुसता येत नाही. मध्येच एखादं मनगट बरोबर वळायचं, ते मी झटकून टाकायची. बोटं उलटी वळायची, मी ती मिटून घ्यायची. चांगलं आलं की लगेच मोडायचं, असा तो नाच चालला होता.

मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मला ती दिसली नाही, ऐकू आलं ते 'च्च'. ट्रे चपलांच्या कपाटावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पुढच्या क्षणी तिचा गुडघा माझ्या पाठीत होता, एक हात हनुवटीखाली, दुसऱ्या हाताने कोपर बाहेर दाबलेलं. रोजच्यासारखं. माझी पाठ आपोआप वाकली, हात पसरले, बोटं उघडली. एक पूर्ण पवित्रा तयार झाला आणि तसाच राहिला. मग मावशीचा हात माझ्या कोपरावरच थंड पडला. तिला कळलं होतं की तिने काय केलं. मला वाटतं, तिला माझं ते खोटं नाचणं सगळं समजत होतं, का ते करतेय तेही समजत होतं, आणि तरी तिला ते बघवलं नाही.

बाबांचा ताल थांबला, त्यांना वाटलं चहा सांडला की काय. ख्रूंनी हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि मला काहीतरी विचारलं. मावशीने ते मला हिंदीत सांगितलं, आवाज अगदी कोरडा ठेवून. चुकीचं जे केलंस, ते तुला कुणी शिकवलं?

"कुणी नाही. ते माझं मीच केलं."

तिने ते त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आणि या वेळी मावशीने भाषांतर केलं नाही. पण मला समजलं, शब्द सोपे होते. मग बरोबर जे होतं, ते कुणाचं? मावशी माझ्या मागून निघून त्यांच्यासमोर गेली, गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "माझं. मी शिकवलं." डोकं जमिनीला टेकवलं ते वर उचललंच नाही. आई दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आपण काय करून बसलो हे त्यांना नेमकं कळलं नव्हतं, पण काहीतरी केलंय एवढं कळलं होतं.

ख्रूंनी मला परत सुरुवात करायला सांगितलं. पहिल्यापासून, बसून. मी मावशीच्या पाठीकडे बघितलं. ती तशीच ओणवी होती. मी जमिनीवर बसले, हात जोडले आणि गुरूंचं गाणं म्हटलं. मग उठले आणि आता काही लपवलं नाही. सोफा जागेवरच होता, त्यामुळे हॉलमध्ये जागा नव्हती, माझा हात शोकेसच्या काचेला लागत होता. आयुष्यात इतकी घाबरून मी कधी नाचले नाही. प्रत्येक पवित्र्यावर वाटायचं, हा बरोबर आला तर मावशी जास्त गुन्हेगार ठरेल आणि चुकला तर ती वाईट शिक्षिका ठरेल. कसंही केलं तरी तीच अडकत होती. मला येत होते तेवढे सगळे झाले आणि मी थांबले, कारण पुढचं अजून शिकायचं होतं.

ख्रू बराच वेळ बोलले, मध्ये थांबत थांबत. मावशीने डोकं वर केलं आणि एकेक वाक्य आम्हाला सांगू लागली. "ते म्हणतात, मी चोरी केली. म्हणतात, आजपासून शिकवणं बंद." आईने डोळ्यांना पदर लावला. मावशी पुढे सांगत राहिली, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय अशी. ते म्हणतात, माझे गुडघे गेले. मी खुर्चीत बसून सांगतो, मुलं अंदाजाने करतात. इतकी मुलं आहेत, पण माझ्या जागी उभं राहून त्यांच्या पाठीत गुडघा रोवणारं कुणी नाही. ही मुलगी मला कधी भेटली नाही, तरी तिच्या कोपरात माझ्या आईचं वळण आहे. इथे मावशी थांबली. आईने विचारलं, "पुढे? पुढे काय म्हणाले?"

पुढचं असं होतं की मुकुट इथे होणार नाही. त्याला मांडव लागतो, दारू लागते, डुकराचं मुंडकं लागतं. बाबा एवढ्यातही दचकले. नोईने घरी यावं, मुकुट घ्यावा आणि त्यांच्या जागी शिकवायला उभं राहावं. कायमचं. मावशी हे सांगून झाल्यावर तोंडावर हात ठेवून रडायला लागली, आणि आईने जाऊन तिला मिठी मारली, दोघी जमिनीवर बसून हसत-रडत डुलायला लागल्या. बाबा मोठ्याने "ब्राव्हो" म्हणाले. मी शोकेसला टेकून उभी होते. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, आणि मला आनंद झाला होता, खरंच झाला होता. फक्त तो पोटात उतरेना.

ख्रूंनी हात वर केला, अजून संपलं नव्हतं. त्यांच्या घरची एक रीत होती. अर्धवट शिकलेल्या शिष्याला सोडून गुरूला उठता येत नाही, शिष्याने मोकळं केलं तरच. चोरीने का होईना, शिष्य केलाय ना, मग तिला विचार. हे त्यांनी मावशीला सांगितलं, आणि मावशी माझ्याकडे वळली, पण तिच्याने विचारवेना. आई म्हणाली, "अनू, बाळा." शेवटी म्हाताऱ्यानेच विचारलं, त्या हलक्या आवाजात, सावकाश, मला समजेल अशा शब्दांत. नेऊ का हिला?

मावशीकडे बघितलं असतं तर मला बोलता आलं नसतं, म्हणून मी तिच्याकडे बघितलं नाही. जमिनीवर बसले, हात जोडले, आणि नेण्याबद्दल विचारणाऱ्याला 'चालेल' म्हणून सांगतात ते दोन शब्द म्हटले. "दाय खा." थाईतच म्हटले. माझा होकार तिला तिच्या तोंडाने त्यांना सांगावा लागू नये, एवढंच तिच्यासाठी माझ्या हातात उरलं होतं.